चाळीस नंबरचं इंजिन

नानांनी विमानाच्या नाकाला तूरडाळीची पुरचुंडी बांधली, तेव्हा माई कुकर लावायला उठल्या होत्या.

"त्यातली वाटीभर डाळ द्या," माई म्हणाल्या.

"थांब. तीनशे ऐंशी ग्रॅम आहे ती. तोलून घेतलीय."

"मला वाटीभरच हवीय."

"वाटीभर काढली तर नाक वर जाईल."

माईंनी नानांकडे बघितलं, मग विमानाकडे, मग माझ्याकडे. "रेवती, आज पिठलं कर," म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

मला लगेच काही करता येण्यासारखं नव्हतं. पंखांखाली दोन्हीकडून एकेक बोट धरून विमान तोलून धरायचं काम माझ्याकडे होतं. इंजिन विकत घेण्याआधी तेवढ्याच वजनाची डाळ नाकाला बांधून बघायची, म्हणजे ते इंजिन बसवल्यावर तोल राहील की नाही ते पैसे न घालवता कळतं, अशी नानांची पद्धत होती. शेपटीकडून डोळा बारीक करून नानांनी बराच वेळ बघितलं. विमान अगदी सरळ होतं. तसूभरही इकडे तिकडे नाही.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"दिसतंय बरोबर," नाना म्हणाले आणि वही उघडली.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. सासर नाशिकला, मखमलाबाद रोडवर. माझे सासरे दिगंबर खैरनार, म्हणजे नाना, विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. खरी विमानं, लढाऊ. निवृत्त झाल्यावर अकरा महिन्यांत त्यांनी रेडिओवर चालणारं हे पाच फुटी पंखांचं विमान बांधलं. हलक्या बाल्सा लाकडाची प्रत्येक फासळी दोनदा केली, कारण पहिली त्यांनी स्वतःच नापास केली. विमान इतकं देखणं झालं होतं की बघणाऱ्याचा हात आपोआप मागे जायचा. त्यानंतर दोन वर्षं ते हॉलमध्ये पाळण्यासाठी ठेवलेल्या कडीला टांगलेलं होतं, आणि शेजारणी आल्या की आधी कडीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

अडलं होतं इंजिन. दीड हजाराच्या आत बसेल असं चांगलं इंजिन मिळेपर्यंत विमान उडणार नव्हतं. नानांची वही त्यासाठीच होती. एका पानाला एक इंजिन. डावीकडे अनुकूल, उजवीकडे प्रतिकूल, खाली 'निर्णय' आणि सही. निर्णय नेहमी लाल शाईत असायचा.

मुंबईच्या दुकानात जपानी इंजिन होतं, साडेचार हजारांचं. नाना एकटे जाऊन ते तासभर हातात धरून बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. वहीत लिहिलं, 'उत्कृष्ट. रिजेक्ट.' कलकत्त्याचं एक नवीन होतं, किमतीत बसणारं. 'पत्राला उत्तर सतरा दिवसांनी आले. रिजेक्ट.' एक छोटं डिझेलवर चालणारं होतं; त्याच्या इंधनात इथर घालावं लागे. नानांनी ते स्वयंपाकघरात मिसळून बघितलं. 'माईला चक्कर. रिजेक्ट.' मग नानांच्या ओळखीच्या निकमांनी त्यांच्या द्राक्षबागेतल्या फवारणीच्या पंपाचं जुनं इंजिन फुकट देऊ केलं. फुकट असल्यामुळे नानांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर घालवला. त्याचं वजन होतं साडेतीन किलो. साडेतीन किलो डाळ नाकाला बांधल्यावर विमान माझ्या बोटांवरून सुटलं आणि दिवाणावर झोपलेल्या हेमंतच्या पोटावर आदळलं. हेमंत म्हणजे माझा नवरा, सातपूरच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेला. तो उठला, म्हणाला, "मिळालं का इंजिन?" आणि कूस वळवून झोपला.

तुम्हाला वाटेल मला या सगळ्याचा वैताग येत असेल. तसं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात नानांनी कुठूनसा मिळवलेला, विमान चालवायचा बंद पडलेला रेडिओ-संच मी उघडून दुरुस्त केला होता. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधलं. तेव्हापासून नाना दुपारचा चहा माझ्याबरोबर घ्यायचे आणि इंजिनांबद्दल बोलायचे. हेमंत कमी बोलणारा, माई गुडघ्यांपलीकडे फारशा कशाबद्दल न बोलणाऱ्या. त्या घरात आवाज होता तो आमच्या दोघांचा.

त्या डाळीच्या आठवड्यातच मला पत्र आलं. दूरसंचार खात्यात ज्युनियर इंजिनिअर म्हणून निवड झाली होती. आधी नऊ महिने जबलपूरला प्रशिक्षण. पंधरा फेब्रुवारीला रुजू व्हायचं.

हेमंतने पत्र दोनदा वाचलं आणि खूश झाला. मग म्हणाला, "नानांना विचार."

नानांनीही दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बघू," म्हणाले. "सगळ्या बाजूंनी विचार करावा लागेल."

हे वाक्य मी आठ महिने ऐकत होते, आणि त्यानंतर आजवर एकही इंजिन घरात आलेलं नव्हतं.

आठ दिवस गेले. मी रोज विचारायचे, नाना रोज "चाललंय" म्हणायचे. मग एका सकाळी पेपरात चार ओळींची जाहिरात दिसली. विमानाचं इंजिन, चाळीस नंबर, वापरलेलं, चालू, नऊशे रुपये. साळवे, शरणपूर. चाळीस नंबर म्हणजे नानांना हवं होतं त्याच मापाचं. वजन तीनशे ऐंशी ग्रॅम.

"जाऊन बघायला काय हरकत आहे?" मी म्हणाले.

"वापरलेलं आहे."

"म्हणून तर नऊशेला आहे."

नानांना ते पटलं, किंवा नाही म्हणायला कारण सापडलं नाही. रविवारी मी लूना काढली. नाना मागे बसले, मांडीवर पिशवी. पिशवीत वही, भिंग, ताणकाटा आणि फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा.

विल्सन साळवे शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आता सत्तरीचे. व्हरांड्यात छतापासून फरशीपर्यंत विमानं. पण एकही धड नाही. कुणाचा पंख जोडलेला, कुणाला दुसऱ्याचीच शेपूट, एकाच्या नाकावर चक्क चिकटपट्टी. सगळीकडे एरंडेलाचा वास, कारण या इंजिनांच्या इंधनात एरंडेल घालतात. नानांनी ती विमानं बघितली आणि त्यांचा चेहरा अपघात वॉर्डात शिरल्यासारखा झाला.

"ही सगळी पडली?" त्यांनी विचारलं.

"सगळी उडली," साळवे सर म्हणाले.

इंजिन तळहातावर मावेल एवढं होतं, तेलाने काळपटलेलं. नानांनी रुमाल अंथरला, त्यावर इंजिन ठेवलं आणि तपासणी सुरू केली. भिंगातून बघितलं. पट्ट्या घालून बघितल्या. पंखा फिरवून कानाशी धरलं. चाळीस मिनिटं. मधेच साळवे सर चहा करून आले.

"बेअरिंगमध्ये खेळ आहे, सैल झालंय," नाना म्हणाले.

"असेल. माझ्या खांद्यातही आहे."

"एकूण किती तास चाललंय?"

"मोजले नाहीत. विमान वर असताना घड्याळाकडे बघवत नाही."

"मग खाली उतरल्यावर?"

"उतरल्यावर चहा पितो. थंड होतोय, घ्या."

नानांनी चहाला हात लावला नाही. वहीत प्रतिकूल बाजूला सात मुद्दे झाले होते. साळवे सरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि पुढे वाकून विचारलं, "खैरनार साहेब, तुमचं विमान बांधून होऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"आणि इंजिनं किती बघितलीत?"

"हे बारावं."

साळवे सरांनी आपला चहाचा कप खाली ठेवला. मग साध्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला इंजिन नकोय, साहेब."

नानांनी पट्ट्या मिटल्या, भिंग पिशवीत टाकलं, रुमालाची चौपदरी घडी केली. "येतो," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

परतताना मागच्या सीटवरून काही आवाज नव्हता. एरवी नाना मला प्रत्येक चौकात "गिअर" म्हणायचे, लूनाला गिअर नसताना. गंगापूर नाक्यावर मी रसवंतीपाशी गाडी थांबवली. दोन ग्लास सांगितले. नाना बाकावर बसले आणि चरकाकडे बघत राहिले.

"शिक्षक माणूस," म्हणाले. "बोलायची सवय असते."

"हो."

"कारखान्यात विमान तयार झालं की चाचणीचं उड्डाण असायचं. कागदावर बऱ्याच सह्या. त्यात एक माझी. सही झाली की माझं काम संपलं, घरी जायला मोकळा. पण मी जायचो नाही. पाण्याच्या टाकीपाशी उभा राहायचो. उतरेपर्यंत."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आणि सगळी उतरली?"

"सगळी. एक उशिरा." रसाचा ग्लास आला. नानांनी तो नुसता हातात धरला. "धुळीचं वादळ आलं म्हणून दुसऱ्या तळावर उतरवलं होतं. आम्हाला निरोप मिळाला दोन तासांनी. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा होता वर. जाताना मला म्हणाला होता, चहा सांगून ठेवा. मी सांगून ठेवला होता." त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. "वर गेल्यावर सही करणाऱ्याला काही करता येत नाही, रेवती. नुसतं मान वर करून उभं राहायचं."

मी रस प्यायले. नानांनी पण प्यायला, ग्लास ठेवला आणि तोंड पुसत म्हणाले, "पण बेअरिंगमध्ये खेळ आहे, ते खरंच आहे."

घरी आल्यावर मी माईंना सगळं सांगितलं. माई लसूण सोलत होत्या. पाण्याच्या टाकीचं ऐकून त्यांचे हात थांबले.

"म्हणून यायला उशीर व्हायचा होय," म्हणाल्या. "मी एकतीस वर्षं समजत होते, पत्ते खेळतात."

मग उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हातात शंभराच्या नऊ नोटा होत्या. "घेऊन ये ते. ह्यांना विचारू नकोस. विचारलंस तर तेरावं बघायला जातील."

सोमवारी मी एकटी शरणपूरला गेले. साळवे सरांनी इंजिन कागदात बांधून दिलं, इंधनाची एक बाटली वर दिली. "पहिल्यांदा उडवायला मी येतो. पण कंट्रोल त्यांच्या हातात देऊ नका. ते जमिनीवरून उठूच देणार नाहीत."

संध्याकाळी नाना फिरून आले तेव्हा टेबलावर इंजिन होतं. माई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हेमंतची दुसरी पाळी होती, तो सुटला.

नानांनी इंजिनाकडे बघितलं. "हे कुणी पास केलं?"

"मी," मी म्हणाले.

"तपासलंस?"

"नाही."

"मग कशाच्या आधारावर?"

"चालू आहे, नऊशेला आहे, आणि वजन तुरीच्या डाळीएवढं आहे."

"सही कुणाची?"

"माझी. आणा वही."

नानांनी वही पुढे केली. मी पेन घेतलं आणि कोरं पान शोधायला भराभर पानं उलटली. साळवे सरांच्या इंजिनाच्या सात मुद्द्यांआधीच्या पानावर बोट थांबलं. वर मथळा होता, 'सौ. रेवती. जबलपूर.'

अनुकूल बाजूला लिहिलं होतं, 'सरकारी नोकरी. शिक्षणाचा उपयोग. मुलगी हुशार, रेडिओ एका दुपारात दुरुस्त केला.' प्रतिकूल बाजूला, 'नऊ महिने. परप्रांत. उन्हाळा कडक. माईचे गुडघे.' आणि खाली, जरा वेगळ्या शाईत, बहुधा नंतर कधीतरी लिहिलेलं, 'दुपारी घरात बोलायला कोणी राहणार नाही.' निर्णयाची जागा मोकळी होती.

मी मान वर केली नाही. पुढचं कोरं पान काढलं, 'चाळीस नंबर, साळवे' असं पुन्हा लिहिलं, दोन्ही बाजू कोऱ्या ठेवल्या, खाली 'पास' लिहून सही केली. वही परत दिली. मी ते पान बघितलंय हे नानांच्या लक्षात आलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला.

सहा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, मखमलाबादच्या पुढे निकमांच्या पडीक रानात आम्ही जमलो. नाना, माई, हेमंत, मी आणि साळवे सर. तिन्ही बाजूंना द्राक्षबागा. माईंनी पोह्यांचा डबा आणला होता आणि जणू कुणाला निरोप द्यायला आल्यासारख्या चांगलं पातळ नेसून आल्या होत्या.

नानांनी सात वेळा सगळं तपासलं. मग बोटावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि पंख्याला झटका दिला. काही नाही. पुन्हा झटका. एक शिंक आल्यासारखा आवाज झाला. साळवे सरांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. "सुरू झालं की फार किंचाळतं," म्हणाले. अकराव्या झटक्याला इंजिन किंचाळलं. एरंडेलाचा निळसर धूर पसरला, माईंनी पदर नाकाला लावला, आणि नानांचा चेहरा एकदम तरुण दिसला. मग लगेच पांढरा पडला.

"मी पाठ करून उभा राहतो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तू सांग."

ते खरोखरच पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधून, निकमांच्या बागेकडे तोंड करून. साळवे सरांनी हातातल्या रेडिओ-कंट्रोलची काडी पुढे ढकलली. विमान ढेकळांवरून उड्या मारत पळालं आणि जमिनीपासून सुटलं.

"सुटलं, नाना."

"हं."

"चढतंय. डावीकडे वळलं. सरळ झालं."

"शेपूट हलते का?"

"नाही. आता फार वर आहे. ऊन लागून पंख चमकतायत. नाना, बघा तरी."

"तू बघतेयस ना."

पाच मिनिटं झाली असतील, कदाचित सात. हेमंत तोंड उघडं ठेवून बघत होता. माई मान वर करून पोह्यांचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. मला तर शब्दच पुरत नव्हते. विमान दूर बागांच्या वर गेलं होतं आणि त्याचा आवाज आता भुंग्याएवढा येत होता.

नानांची मान एकदम तिरकी झाली. "आवाज बदलला."

मला काहीच कळलं नव्हतं. "कुठे?"

"इंधन संपत आलंय. साळवे. ओ साळवे सर. खाली आणा."

साळवे सर शांतपणे वर बघत उभे होते. त्यांचा कान खिशात होता. मी हाक मारली, हेमंतने हाक मारली. त्यांनी हसून मान हलवली; त्यांना वाटलं आम्ही वाहवा करतोय. तेवढ्यात भुंग्याचा आवाज तुटला.

नाना वळले. पहिल्यांदाच त्यांनी आपलं विमान हवेत बघितलं, आणि ते बघितलं तेव्हा त्याचं इंजिन बंद होतं. साठीचा तो माणूस ढेकळांतून असा पळाला की त्यांची एक चप्पल मागे राहिली. साळवे सरांना गाठून त्यांनी सरांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि काडी पुढे दाबली.

"नाक खाली," नाना म्हणाले. "नाक खाली. आता सरळ. सरळ धरा. वळवू नका."

ते ऐकू येत नसलेल्या माणसाला सांगत होते, पण अंगठ्याला समजत होतं. विमानाने नाक खाली घेतलं, वेग घेतला आणि अजिबात आवाज न करता बागेकडे उतरू लागलं. रानापर्यंत पोचणार नाही हे दिसत होतं. वेलींच्या मांडवावर येताच नानांनी काडी हळूच मागे घेतली. विमानाने जरा मान वर केली आणि पानांवर बसलं. खरंच बसलं. गादीवर ठेवल्यासारखं.

बागेत द्राक्षांची तोडणी चालली होती. आम्ही धावत पोचेपर्यंत हातात कैच्या घेतलेल्या सात-आठ बायका मांडवाखाली गोळा होऊन वर बघत होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "कुणाचं आहे हे?"

"माझं," नाना म्हणाले. एक पाय अनवाणी, धापा टाकत.

"मग उतरवून घ्या. घडांना धक्का लावू नका. निर्यातीचा माल आहे."

शिडी आली. नानांनी स्वतः चढून विमान उतरवलं. एक चाक वाकलं होतं, बाकी खरचटलंही नव्हतं. तोवर निकम आले. त्यांनी विमानाकडे नाही, आभाळाकडे बघितलं.

"खैरनार, मघाशी हे वरून गेलं तेव्हा माझी सगळी पाखरं उठून गेली. महिनाभर डबे वाजवतोय, ढिम्म हलत नव्हती. तोडणी संपेपर्यंत सकाळची एक फेरी मारता का?"

नाना यावर सगळ्या बाजूंनी विचार करतील असं मला वाटलं.

"एक का?" नाना म्हणाले. "दोन मारू."

साळवे सरांनी यंत्र कानात बसवलं आणि विचारलं, "काय झालं?" कुणीतरी सांगायला सुरुवात केली. माईंनी डबा उघडला. तोडणीच्या बायकांनाही पोहे मिळाले, आम्हाला द्राक्षं मिळाली.

सगळे खात असताना नाना मांडवाच्या सावलीत विमानाचा पंख सोडवत बसले होते. मी पलीकडून धरला होता. नटांवरची नजर न काढता ते म्हणाले, "पंधराला रुजू व्हायचंय ना? मग तेराची गाडी पकडायला हवी. उद्याच जाऊन रिझर्व्हेशन बघ. नंतर मिळायचं नाही."

"काढलंय, नाना. शुक्रवारीच."

त्यांचा हात थांबला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. हेमंतला फक्त फॉर्म भरायला नेलं होतं."

पलीकडे हेमंत पोह्यांत बघायला लागला. नानांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, इंजिनाकडे बघत तसं. नापास करायला मुद्दे होते त्यांच्याकडे, मला ते वाचून पाठ होते.

"बर्थ खालचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"वरचा."

"वरचाच बरा. सामान डोळ्यांसमोर राहतं," नाना म्हणाले आणि पुढचा नट सोडवायला घेतला.

मार्चच्या शेवटी जबलपूरच्या हॉस्टेलवर त्यांचं आंतर्देशीय पत्र आलं. मी ते मेसच्या रांगेत उभी राहूनच फोडलं. 'चि. सौ. रेवतीस अनेक आशीर्वाद. रविवारी एकूण सहा उड्डाणे. सहाव्या वेळी विमान बाभळीवर. कंट्रोल माझ्याकडे होता, चूक सर्वस्वी माझी. दोन्ही पंख गेले, शेपूट गेली. इंजिन उत्तम आहे. नवीन बांधायला कालच घेतले.' कडेच्या मोकळ्या जागेत माईंचं बारीक अक्षर होतं. 'विमान मोडून हे घरी आले ते गाणं गुणगुणत. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. तसं नाही, खुशीत आहेत.'

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही. पुढे उभ्या असलेल्या रायपूरच्या मुलीने घाबरून विचारलं, "क्या हुआ? घर पे सब ठीक?"

"ससुरजी का प्लेन गिर गया," मी म्हणाले.

रांग थांबली. कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं, कुणीतरी पाणी आणलं, भात वाढणारा माणूस डाव खाली ठेवून जवळ आला. मी हातवारे करत सांगायचा प्रयत्न केला, "नहीं, नहीं, छोटा प्लेन था."

रायपूरच्या मुलीने माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "छोटा हो या बड़ा, दीदी, दुख तो उतना ही होता है।"